पहिली मूठ

३ जुलै, गुरुवार

कालिंदी मॅडमचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या दुःखाजवळ बसायचं तं आपल्या मनावर आपलाच एक डोळा पाहिजे, म्हणून रोज चार ओळी लिही. मी म्हटलं, मॅडम, माझ्या मनाले काय झालं? ठणठणीत आहे. त्या नुसत्या हसल्या. त्यांचं ते हसणं मले काही समजत नाही.

मॅडम सरकारी शाळेतून रिटायर झाल्या आन् बालाघाटातल्या आपल्या घराच्या समोरच्या खोलीत त्यांनी ‘सोबत केंद्र’ उघडलं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्यापाशी जायचं, त्याचं ऐकायचं, हेच काम. मी त्यांची नवी कार्यकर्ती. माझा ऑनलाइन कोर्स झाला, सगळा हिंदीतून. ‘शोक के चरण’ तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवून विचारा.

आज पहिली केस मिळाली. आमच्या जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका गावात प्रेमलाल आन् अनुसया नावाचे नवराबायको आहेत, आमच्यासारखंच बौद्ध घर. एकुलती पोरगी दीप्ती, बी.ए.ले होती. जूनमध्ये धानाचे पऱ्हे टाकले, म्हणजे बियाणं वाफ्यात फेकलं, आन् सांजेले शेतातून घरी येता येता पोरीवर वीज पडली. तेव्हापासून तिची आई रडली नाही आन् बोललीही नाही, असं गावच्या आशाताईनं मॅडमले कळवलं.

बाबाच्या नंबरवर रिचार्ज मारला. बाबा मागच्या थंडीत गेले, पण बँकेचे ओटीपी अजून त्याच नंबरवर येतात, म्हणून चालू ठेवावा लागतो.

५ जुलै, शनिवार

व माय! असं काही मी पाह्यलं नव्हतं.

बसनं उतरून चिखलातून गेली. घरी अनुसया काकू नव्हत्याच. प्रेमलाल काका म्हणाले, “ते घरी कुठं राह्यते? तिकडं हाय, पऱ्ह्यापाशी.”

शेतात गेली तं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री रोवलेली, खाली काकू बसलेल्या, हातात काठी. समोर वाफ्यात पऱ्हे उभे, इतके पोपटी की डोळ्याले गार वाटावं. बकरी आली की काकू काठी आपटणार, बगळा उतरला की उठून उभ्या राहणार. बाकी वेळ नुसतं पाहणं.

मी बाजूले बसून कोर्समधलं पहिलं वाक्य टाकलं, “आप जो महसूस कर रही हैं, वह स्वाभाविक है.” काकूनं माझ्याकडे असं पाह्यलं, जसं बगळ्याकडे पाहतात. काठी आपटली नाही, एवढीच मेहरबानी.

परत येताना प्रेमलाल काकांनी सारं सांगितलं. “पोरीनं सकाळी टाकले. मले म्हने, बाबा, यंदा तुम्ही नाही, मीच फेकतो. सांजेले पोरगी गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही अस्थी घेऊन नदीवर, आन् इकडं कोंब फुटले. माणसं मले येऊन सांगतेत, प्रेमलाल, पऱ्हे उगवले रे. मी काय म्हणू त्याईले?”

ज्या हातानं फेकलं तो हात नाही, आन् दाणा आपला उगवून आला. बसमध्ये सारा रस्ता मी तेच पाहत होती.

७ जुलै, सोमवार

पुन्हा गेली. आज कळलं, खरा पेच काय आहे.

या गावची एक रीत आहे. ज्याच्या हातानं पऱ्हे टाकले, त्याच्याच हातानं पहिली मूठ उपटायची. मग बाकीच्या बाया वाफ्यात उतरतात, जुड्या बांधतात, चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, नेऊन रोवणा म्हणजे लावणी करतात. आता दीप्ती कुठून आणायची? काकू कोणालेच हात लावू देत नाहीत. आन् पऱ्हे काही थांबत नाहीत. महिनाभराच्या आत लावले तं ठीक, मग ते म्हातारे होतात, लावून फायदा नसतो. वर्षभराचं खाणं त्याच वाफ्यात आहे.

“मी तिच्यावर हात नाही उचलू शकत आन् तिले समजावूबी नाही शकत,” प्रेमलाल काका म्हणाले. “धान गेलं तं गेलं. पण ते तिथंच बसून राह्यली, पऱ्हे तिच्या डोळ्यादेखत पिवळे पडले, तं मंग ते बी वाचन का?”

मी म्हटलं, काका, काकूले थोडं थोडं त्या जागेपासून दूर नेत जा. मन वळते. कोर्समध्ये हेच सांगतलं आहे. काकांनी मान हलवली. मले बरं वाटलं, काहीतरी कामाचं बोलली मी.

१० जुलै, गुरुवार, आषाढ पौर्णिमा

माझ्या हातानं सारा घोटाळा झाला.

आज काकूच्या गावच्या विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळाभर चालणारं, ग्रंथवाचन सुरू झालं. मीही गेली. पाहते तं अनुसया काकू पांढरं लुगडं नेसून मागच्या रांगेत! मी मनात म्हटलं, वा संघमित्रा, आली की बाई जागेवरून उठून. वंदना झाली, वाचन सुरू झालं, आन् प्रेमलाल काका कुठं दिसेचनात.

एका पोरानं मागच्या रांगेत येऊन सांगितलं, ते शेतात आहेत. बायको इकडं बसली म्हणून तिकडं रोवणाऱ्या बाया बोलावल्या होत्या. माझा सल्ला त्यांनी असा घेतला. मी धावत गेली तं धुऱ्यावर बाया ओळीनं उभ्या, लुगडी खोसलेली. पण एकही वाफ्यात उतरली नव्हती. सगळ्यांच्या पुढं शांताबाई, साऱ्या गावचा रोवणा त्यांच्या मागं चालतो. म्हणाल्या, “मी नाही लावत हात, प्रेमलाल. पोरीनं टाकले. तिच्या मायले चोरून मी पहिली मूठ उपटू? मायं मन नाही होत.”

तेवढ्यात काकू आल्या. अनवाणी, पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. बाया एक एक करून बाजूले झाल्या. काकूनं वाफ्याकडे पाह्यलं, एकही रोप हललेलं नाही हे पाह्यलं, मग सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राह्यल्या.

“तू सांगतलं?”

मी मान हलवली.

“मले हटवून?”

इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेले हेच पहिले शब्द. मले त्या बोलायला पाहिजे होत्या ना? बोलल्या. शाबास संघमित्रा.

११ जुलै, शुक्रवार

मॅडमले म्हटलं, मी सोडते, माझ्यानं नाही होत. त्यांनी चहा समोर ठेवला. मग म्हणाल्या, “तू तिला हलवायला गेलीस. हलवणं आपलं कामच नाही, संघमित्रा. आपण बसायला जातो. सोमवारी परत जा आणि काही बोलू नकोस.”

काहीच नाही?

“तुला जमणार नाही, मला माहीत आहे. पण प्रयत्न कर.”

१३ जुलै, रविवार

बाबाचा फोन चार्ज केला. दर रविवारी करते, नाहीतर बॅटरी फुगते. फोन आहे तिथंच, वरच्या फळीवर. बाबाले ऐकायला कमी यायचं म्हणून घंटीचा आवाज पूर्ण वाढवलेला, तो कमी करायचंही माझ्याकडून राहूनच जाते.

पाहते तं आईच्या नंबरवरून मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. सगळे भर दुपारचे, मी घरी नसतानाचे. आईचा तो बटणाचा फोन, कमरेले खोसून काम करते, बटणं दबून जातात. आईले म्हटलं, लॉक करत जा. “हौ,” म्हणाली आन् वरण घोटत राह्यली. आपली आई तशी मजबूत आहे. बाबा गेले तेव्हाही पाहुण्यांचा चहा तिनंच केला. तिच्यासाठी केंद्राची गरज नाही पडली कधी.

१४ जुलै, सोमवार

आज मी खरंच बोलली नाही. हे मॅडमले सांगितलं तं विश्वास ठेवणार नाहीत.

जयभीम करून धुऱ्यावर बसली. काकूनं छत्री माझ्याकडे जराशी कलवली, तेवढंच. पाऊस येत होता, जात होता. पऱ्ह्याच्या टोकाले पिवळी झाक दिसली मले. त्यांलेही दिसत असणार.

दुपार कलल्यावर त्याच बोलल्या. “तुयं कोण गेलं?”

मी म्हटलं, कोणी नाही, मी केंद्राकडून येते. त्या पाहतच राह्यल्या. मग मी म्हटलं, बाबा गेले. पोस्टात होते. दुलीचंद नाव. छातीत दुखलं आन् गेले.

“त्याईचं काय ठेवलं?”

काही नाही ठेवलं, कपडे वाटून दिले. फोन आहे तेवढा चालू.

“फोन? काहून?”

ओटीपी येतात ना काकू, बँकेचे.

“दुसरे कोणाचे येते का फोन त्याच्यावर?”

कोण करणार आता? आईचे लागतात तेवढे चुकून.

“चुकून?”

हौ. बटणं दबतात. रोज दुपारी.

काकू लई वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मले वाटलं तोंडाले चिखल लागला, पुसलाही मी. मग त्यांनी वाफ्याकडे तोंड वळवलं आन् हळूच म्हणाल्या, “तुया मायले बी कोणी हटवू नाही शकत, बाई.” आता पऱ्ह्याचा आन् माझ्या आईचा काय संबंध? पण मॅडमनं बोलू नको म्हटलं होतं, म्हणून विचारलं नाही.

उठताना म्हणाल्या, “तुया बाबाचा नंबर दे.” मी म्हटलं, माझा घ्या ना. “तुया बी दे. त्याईचा बी दे.” काकूनं फोनमध्ये दोन्ही नंबर टाकले, एक एक आकडा तोंडानं म्हणत. मले वाटलं, दुःखात माणसं काहीही मागतात. कोर्समध्ये आहे तसं.

१६ जुलै, बुधवार

सकाळी सकाळी प्रेमलाल काकांचा फोन. आवाज असा की मले वाटलं अजून कोणी गेलं.

“ते धुऱ्यावरून उठली, मॅडम! काल दिवसभर घरोघरी फिरली. एक घर सोडलं नाही. पवारांच्या घरी गेली, कुणब्यांच्या गेली. ज्या घरच्या ओट्यावर आमी कधी चढलो नाही, तिथं आत जाऊन बसली.”

काय म्हणाल्या काकू?

“म्हने, शुक्रवारी या. अन् येताना तुमच्या पऱ्ह्याची एक एक जुडी आना. पुढं काही सांगत नाही.”

१८ जुलै, शुक्रवार

आजचं आज लिहिलं पाहिजे.

मी पोचली तेव्हा चारही धुऱ्यांवर बाया उभ्या. म्हाताऱ्या, लेकी, नव्या सुना, शाळेच्या ड्रेसातल्या पोरी. प्रत्येकीच्या हातात आपल्या घरच्या पऱ्ह्याची जुडी. माणसं दूर, आंब्याखाली, टोप्या काढून. एवढ्या बाया आन् आवाज नाही, फक्त बांधीतून पाणी वाहायचा.

अनुसया काकू म्हणाल्या, “पोरगी नाही. पहिली मूठ कोण उपटन, याच्यावरच सारं अडलं. तं पहिली कोणीच नको. सगळ्याईनं एकाच वक्ती वाकाचं. मंग ज्याची त्याची मूठ आपल्या बांधीत नेऊन लावाची. अन् तुमची जुडी माया बांधीत.”

शांताबाई डोळ्याले पदर लावून म्हणाल्या, “अवं अनुसये, तुया पोरीचे पऱ्हे साऱ्या गावात वाटून टाकतं?”

“वाटत नाही. मायी पोरगी तुमच्या घरी देऊन राह्यली. सांभाळा.”

मी बाजूले उभी होती, सँडल हातात. काकूनं मले बोलावलं. “तूबी उतर.” मी म्हटलं, माझी कुठं बांधी आहे? “घरी बादली तं असन? चाल.”

उतरली मी. चिखल पोटरीपर्यंत, कोमट. डाव्या बाजूले पवारांची सून, उजव्या बाजूले शांताबाई. काकू वाफ्याच्या मधोमध. त्यांनी “हां” म्हटलं आन् आम्ही सगळ्या वाकलो.

ते मले लिहिता येत नाही. एवढे हात एकदम पाण्यात गेले. मुळं सुटतानाचा तो बारीक आवाज एकदम चहूकडून आला. वर उठलो तेव्हा प्रत्येकीच्या मुठीत हिरवं, मुळांतून पाणी गळते आहे, आन् कोणाची मूठ पहिली हे जगात कोणीच सांगू शकत नव्हतं. कोणी नव्हतीच पहिली. नाहीतर दीप्तीच होती, साऱ्यांच्या हातानं.

काकूच्या मुठीतही होते. त्यांनी ते छातीशी धरले आन् ओरडल्या, “दीप्ते! अवं दीप्ते!” एवढ्या मोठ्यानं की आंब्यावरचे पक्षी उडाले. चिखलातच बसल्या आन् रडल्या, महिनाभराचं रडल्या. कोणी “चूप बैन” म्हटलं नाही. बाया त्यांच्या भोवती वाकून पऱ्हे उपटत राह्यल्या, जुड्या बांधत राह्यल्या, आपणही रडत राह्यल्या. प्रेमलाल काका आंब्याखालून पळत आले आन् वाफ्याच्या काठावर येऊन थांबले, आत उतरायची हिंमत होईना. शांताबाईनं हात धरून उतरवलं त्यांले.

मीही रडली. दीप्तीले मी पाह्यलंही नाही. मग मी कोणासाठी रडली, ते मॅडमले विचारीन.

चार वाजेपर्यंत काकूची बांधी भरली, साऱ्या गावच्या रोपांनी. आन् बाया आपापल्या धुऱ्यानं निघाल्या, प्रत्येकीच्या हातात दीप्तीची मूठ. जिकडं पाहावं तिकडं धुऱ्यांवरून हिरवं चालत होतं. मी कितीतरी वेळ पाहत उभी होती, माझी बस सुटली.

घरी माझी मूठ ओल्या फडक्यात आणली. आईनं विचारलं, हे काय? सांगितलं सारं. आईनं मागच्या अंगणातून बाबाची आंघोळीची जुनी बादली आणली, माती कालवली, पाणी धरलं आन् स्वतः एक एक काडी लावली. मी म्हटलं, दुसरी बादली नव्हती का? “हेच बरी आहे,” म्हणाली.

२७ जुलै, रविवार

दुपारी दोघी जेवत होतो. फळीवर बाबाचा फोन वाजला.

पूर्ण आवाजात, सारं घर दणाणलं. माझा घास हातातच राह्यला. आईच्या नंबरशिवाय त्याच्यावर कोणी करत नाही, आन् आईचा फोन खिडकीत चार्जिंगले होता, आई माझ्यासमोर होती. दोघी एकमेकींकडे पाहत राह्यलो. घंटी वाजतच राह्यली.

आई उठली. उष्ट्या हातानंच स्टुलावर चढली, फोन काढला, कानाले लावला. आन् “हॅलो” नाही म्हणाली.

“अहो?” म्हणाली.

दुपारचे ते सारे मिस्ड कॉल एकदम आठवले. चुकून म्हटलं होतं मी. लॉक करत जा म्हटलं होतं. घरात कोणी नसताना आई घंटी लावायची आन् ऐकत बसायची. कोर्स मी केला, पण अनुसया काकूले हे धुऱ्यावर बसल्या बसल्या समजलं, मले माझ्या घरात समजलं नाही.

पलीकडून कोणी बोललं. आई स्टुलावरून उतरून खाली भिंतीले टेकून बसली.

“हौ… हौ बाई, मी त्याईची घरवाली, रुख्माबाई… हौ, धरलं. नवं पान फुटलं. त्याईच्याच बादलीत लावलं.” मग लई वेळ नुसतं ऐकणं. मग आई म्हणाली, “मले सांगा ना, तुमची दीप्ती कशी होती?”

मी ताटं उचलून मागच्या अंगणात आली. आतून आईचा आवाज येत होता. मधात ती हसली. मग बाबा टपाल घेऊन सायकलनं नाल्यात कसे पडले होते ते सांगायला लागली, आन् सांगता सांगता रडायला लागली, मोठ्यानं, मी जन्मात ऐकलं नव्हतं असं. मी आत गेली नाही. बादलीतल्या पऱ्ह्यापाशी बसून राह्यली, बोलली नाही काही.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळीच आईनं विचारलं, “त्याईच्या फोनचा रिचार्ज संपला का? आज अनुसयाचा फोन येईन दुपारी.”

मी म्हटलं, मारलाच आहे मी, ओटीपीसाठी मारतेच ना.

“हौ, ओटीपीसाठी,” आई म्हणाली आन् कालिंदी मॅडम हसतात तशी हसली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आन् म्हणाली, “आज तूबी बोल त्याच्यावरून.”